एका बाटलीत १८८ गोळ्या: टीबीच्या नव्या औषधाचा खर्च कोणी केला?

बेडाक्विलिनच्या एका बाटलीत १८८ गोळ्या असतात. नेहमीच्या औषधांना दाद न देणारा टीबी झालेल्या रुग्णाचा हा सहा महिन्यांचा साठा. पहिले दोन आठवडे रोज चार गोळ्या, पुढचे बावीस आठवडे आठवड्यातून तीन वेळा दोन-दोन. बेरीज करून पाहा, १८८च भरतात.

ही बाटली बाजारात आली तेव्हा तिच्या तीन किमती होत्या. श्रीमंत देशांसाठी सुमारे ३०,००० डॉलर, मध्यम उत्पन्नाच्या देशांसाठी ३,००० आणि गरीब देशांसाठी ९००. २०१८मध्ये आंतरराष्ट्रीय खरेदी यंत्रणेला तीच बाटली ४०० डॉलरला मिळाली आणि ऑगस्ट २०२३मध्ये १३० डॉलरला. म्हणजे एकीकडे सोळा-अठरा लाख रुपये आणि दुसरीकडे जेमतेम अकरा हजार. गोळ्या त्याच आणि तेवढ्याच.

औषध इतकं महाग का, असं विचारलं की ‘संशोधनाला प्रचंड खर्च येतो’ हे उत्तर ठरलेलं असतं. ते खोटं नाही, पण अर्धवट आहे. खर्च आला हे कबूल, पण तो केला कोणी? आणि ज्यानं केला त्यानं बदल्यात काय लिहून घेतलं? माझ्या मते या विषयातल्या सगळ्या गोष्टी शेवटी इथे येऊन थांबतात. संशोधनाला पैसा कोण देतो, त्यावर कोणता प्रश्न विचारला जाणार हे ठरतं. आणि पैसा देताना कोणत्या अटी घातल्या, त्यावर मिळालेलं उत्तर रुग्णाच्या खिशाला परवडणार की नाही हे ठरतं. टीबी हे त्याचं सगळ्यात स्वच्छ दिसणारं उदाहरण आहे, म्हणून तेच धरून पुढे जाऊ.

खर्च नेमका कुठे होतो

औषधाची सुरुवात औषधापासून फार दूर होते. एखादा जंतू ऊर्जा कशी तयार करतो, त्याच्या पेशीची भिंत कशाची बनलेली असते, असल्या प्रश्नांवर विद्यापीठांत आणि सरकारी प्रयोगशाळांत वर्षानुवर्षं काम चालतं. या कामातून उद्या विकता येईल असं काहीच निघत नाही. त्यामुळे त्याला पैसा देतं ते सरकार, म्हणजे करदाते. २०१० ते २०१६ या काळात अमेरिकेत ज्या २१० नव्या औषधांना मान्यता मिळाली, त्यांची मुळं तपासणारा एक अभ्यास २०१८मध्ये प्रसिद्ध झाला. त्या प्रत्येक औषधाचा धागा अमेरिकी सरकारच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेनं, म्हणजे एनआयएचनं, पैसा पुरवलेल्या संशोधनापर्यंत पोचत होता. २१०पैकी २१०.

यानंतर हजारो रसायनांतून कामाचा रेणू शोधायचा, तो प्राण्यांवर तपासायचा आणि मग माणसांकडे वळायचं. पहिल्या टप्प्यात मोजक्या माणसांवर औषध सुरक्षित आहे का ते पाहतात. दुसऱ्यात थोड्या रुग्णांवर त्याचा गुण येतो का ते पाहतात. तिसऱ्यात शेकडो-हजारो रुग्णांवर आधीच्या उपचाराशी तुलना होते. या सगळ्याला दहा ते पंधरा वर्षं सहज जातात. माणसांवरच्या चाचण्यांपर्यंत आलेल्या दहा औषधांपैकी साधारण एकच मान्यतेपर्यंत पोचतं. उरलेल्या नऊंचा खर्च त्या एकाच्याच खात्यावर पडतो.

पैशांची सर्वांत जास्त चणचण असते ती मधल्या पल्ल्यात. विद्यापीठातल्या शास्त्रज्ञाचा शोधनिबंध छापून झालेला असतो, त्यामुळे संशोधन अनुदान देणारे म्हणतात, आमचं काम झालं. कंपनी म्हणते, प्राण्यांवरचे आणि पहिल्या टप्प्यातले आकडे दाखवा, मग बोलू. ते आकडे काढायला लागणारे काही कोटी रुपये कुणाच्याच अंदाजपत्रकात नसतात. कितीतरी चांगल्या कल्पना इथेच अडकतात आणि त्यांची बातमीही होत नाही.

एक नवं औषध तयार करायला एकूण किती खर्च येतो? अमेरिकेतल्या टफ्ट्स विद्यापीठाच्या केंद्राचा आकडा खूप गाजला: सुमारे २.६ अब्ज डॉलर. २०२०मध्ये दुसऱ्या संशोधकांनी कंपन्यांचे जाहीर हिशेब घेऊन मोजलं, तेव्हा मध्यक, म्हणजे मधोमध पडणाऱ्या औषधाचा खर्च, एक अब्ज डॉलरच्या जरा खाली आला. असा आकडा कशाकशाचा बनलेला असतो, हे समजून घेण्यासारखं आहे. २.६ अब्जांपैकी प्रत्यक्ष खिशातून गेलेले साधारण १.४ अब्जच आहेत. उरलेले १.२ अब्ज म्हणजे अडकून पडलेल्या भांडवलाची किंमत. तोच पैसा दुसरीकडे गुंतवला असता तर काय मिळालं असतं, त्याचा हिशेब. वर्षाला १० टक्के परतावा धरला तर १०० कोटी रुपये बारा वर्षांत ३१४ कोटी होतात. गुंतवणूकदाराच्या बाजूनं हा हिशेब चुकीचा नाही, कारण भांडवल फुकट मिळत नाही. पण ‘संशोधनावर २.६ अब्ज खर्च झाले’ असं वाक्य वाचलं की त्यातला जवळपास निम्मा आकडा प्रयोगशाळेत कधी खर्च झालेलाच नसतो, एवढं लक्षात ठेवायला हवं.

रुग्ण भरपूर, गिऱ्हाईक नाही

जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार २०२३मध्ये जगात सुमारे १ कोटी ८ लाख लोकांना टीबी झाला आणि साडेबारा लाख लोक दगावले. यातले २६ टक्के रुग्ण एकट्या भारतातले. म्हणजे वर्षाला अंदाजे २८ लाख. दुकानदारीच्या भाषेत बोलायचं तर मागणी अफाट आहे. तरीही रिफाम्पिसिन हे टीबीवरचं मोठं औषध १९६०च्या दशकात आलं, त्यानंतर नव्या प्रकारचं औषध मिळायला चाळीस वर्षांहून जास्त काळ गेला.

कारण साधं आहे. रुग्ण असणं आणि पैसे मोजणारा असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. टीबी कोंदट खोलीत राहणाऱ्याला, खाणकामगाराला, अर्धपोटी राहणाऱ्याला गाठतो. औषध घ्यायचं सहा महिने, मग बंद. रक्तदाबाच्या गोळीसारखं जन्मभर नाही. कंपनीच्या संचालक मंडळात बसून कोणी दोन फायली शेजारी ठेवल्या, एक टीबीची आणि एक कोलेस्टेरॉलची, तर कोणती उघडली जाईल हे सांगायला नको. त्या खुर्चीत बसलेला माणूस दुष्ट असायची गरज नाही. भागधारकांचा पैसा सांभाळणं हे त्याचं काम आहे आणि तो ते करतो. म्हणूनच फक्त बाजाराच्या भरवशावर सोडलं तर हा प्रश्न कधी विचारलाच जात नाही.

तरी बेडाक्विलिन निघालं. बेल्जियममधल्या बेर्से गावात यान्सेन कंपनीची प्रयोगशाळा आहे. ही कंपनी जॉन्सन अँड जॉन्सनची. तिथे कून आंद्रिएस यांच्या गटानं टीबीच्या जंतूच्या एका वेगानं वाढणाऱ्या आणि निरुपद्रवी भावंडावर हजारो रसायनं तपासली आणि त्यांना एक रेणू सापडला. तो जंतूचं ऊर्जा तयार करणारं यंत्रच बंद पाडत होता. टीबीच्या कुठल्याही जुन्या औषधाचं काम असं चालत नव्हतं, त्यामुळे जुन्यांना न जुमानणारा जंतूही याच्यापुढे टिकला नाही. शोध जगासमोर आला २००५मध्ये. ३१ डिसेंबर उजाडायला तीन दिवस उरले असताना, २८ डिसेंबर २०१२ला, अमेरिकेच्या औषध नियामकानं त्याला मान्यता दिली. ती तातडीची मान्यता होती, दुसऱ्या टप्प्यातल्या आकड्यांवर दिलेली. तिसऱ्या टप्प्याची मोठी चाचणी व्हायची बाकी होती.

हिशेबाची वही उघडली तर

ती मोठी चाचणी, ‘स्ट्रीम’, अनेक देशांत झाली. त्यात भारतातलीही केंद्रं होती. तिचा खर्च कंपनीनं उचलला, पण एकटीनं नाही. अमेरिकी सरकारची यूएसएड ही मदत संस्था आणि ब्रिटनचं वैद्यकीय संशोधन मंडळ त्यात होतं. २०२२मध्ये निकाल आला. बेडाक्विलिनसह फक्त तोंडावाटे घ्यायच्या औषधांनी सुमारे ८३ टक्के रुग्णांना चांगला गुण आला, तर इंजेक्शनच्या जुन्या पद्धतीनं ७१ टक्क्यांना. ही इंजेक्शनं सहन केलेल्या माणसांना विचारा, हा निकाल म्हणजे काय ते. कानामायसिनसारख्या इंजेक्शनांमुळे कितीतरी रुग्ण टीबीतून वाचले, पण कायमचे बहिरे झाले.

सरकारी पैसा दिसेल अशा वाटेनंच येतो असं नाही. अमेरिकेत दोन लाखांहून कमी रुग्ण असलेल्या आजाराला ‘दुर्मीळ’ समजतात आणि त्यावरच्या औषधाच्या चाचण्यांना मोठी करसवलत मिळते. तिथे टीबी दुर्मीळ आहे. त्यामुळे वर्षाला २८ लाख भारतीयांना होणारा आजार अमेरिकेच्या करखात्यात दुर्मीळ आजारांच्या रकान्यात बसला आणि बेडाक्विलिनला ती सवलत मिळाली.

दुसरी वाट आणखी आडवळणाची आहे. २००७मध्ये अमेरिकेनं कायदा केला की, दुर्लक्षित आजारावर औषध काढणाऱ्या कंपनीला एक खास परवाना द्यायचा. तो दाखवला की तिच्या दुसऱ्या कुठल्याही औषधाची तपासणी नियामक साधारण दहा महिन्यांऐवजी सहा महिन्यांत करणार. चार महिने लवकर बाजारात येण्याची किंमत किती असते? हे परवाने विकताही येतात आणि २०१५मध्ये एक परवाना ३५ कोटी डॉलरला विकला गेला. जॉन्सन अँड जॉन्सननं बेडाक्विलिनवर मिळालेला आपला परवाना विकला नाही. सोरायसिसवरच्या एका महागड्या औषधासाठी तो वापरला. टीबीवरच्या कामाचं बक्षीस असं त्वचारोगाच्या बाजारात वसूल झालं.

२०२०मध्ये काही संशोधकांनी हे सगळे धागे जमवून बेरीज केली. चाचण्यांना मिळालेला सार्वजनिक पैसा, करसवलती, फुकट औषध वाटण्याच्या योजनेचा प्रशासकीय खर्च आणि त्या परवान्याचं मोल धरून जनतेचा वाटा आला ४५.५ ते ७४.७ कोटी डॉलर. कंपनीचा आला ९ ते २४ कोटी डॉलर. अपयशाची जोखीम आणि भांडवलाचा खर्च दोन्ही बाजूंना जोडला तरी सार्वजनिक वाटाच मोठा राहतो. या बेरजेतला सर्वांत मोठा हिस्सा परवान्याचा आहे आणि त्याची किंमत कशी धरायची यावर वाद घालता येईल. तो वाद रास्त आहे. पण ‘सगळा खर्च कंपनीनं केला, म्हणून किंमतही तीच ठरवणार’ हे म्हणणं या आकड्यांपुढे उभं राहत नाही.

कंपनीचं श्रेयही कमी लेखू नये. टीबीत पैसा नाही हे माहीत असताना तिनं आंद्रिएस यांच्या गटाला काम करू दिलं. तसं केलं नसतं तर आज काहीच हातात नसतं. माझी तक्रार दुसऱ्या बाजूशी आहे. कोट्यवधी डॉलर देणाऱ्या सरकारांनी पैसे देताना किमतीबद्दल बंधनकारक अट घातली नाही. चाचणीचा खर्च वाटून घेतला, पण औषधाची किंमत ठरवताना तो खर्च जमेस धरा, असं कागदावर आणलं नाही. अट घालण्याची वेळ पैसे देण्याआधीची असते. नंतर उरते ती विनवणी, नाहीतर कोर्टकचेरी.

मुंबईच्या पेटंट कार्यालयात

आणि शेवटी तसंच झालं. भारतात बेडाक्विलिन २०१६मध्ये आलं, तेव्हा मुंबईसह मोजक्याच केंद्रांवर, देणगीच्या ६०० कोर्सपासून. लाखाच्या घरात रुग्ण आणि सहाशे बाटल्या. पुढे देणगीचा आकडा वाढला, पण देणगी म्हटलं की किती आणि कधी हे देणारा ठरवतो.

पेटंटची मुदत वीस वर्षांची. मूळ रेणूचं पेटंट जुलै २०२३मध्ये संपणार होतं. दरम्यान कंपनीनं त्याच औषधाच्या एका क्षाराच्या रूपावर, गोळीत प्रत्यक्ष वापरतात त्या रूपावर, वेगळं पेटंट मागितलं होतं. ते मिळालं असतं तर मक्तेदारी २०२७पर्यंत लांबली असती. या अर्जाला २०१९मध्ये दोघींनी हरकत घेतली: मुंबईच्या पत्रकार नंदिता व्यंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा तिसिले. दोघी टीबीतून बऱ्या झालेल्या, आणि दोघींची श्रवणशक्ती औषधांच्या दुष्परिणामानं गेलेली.

आपल्या पेटंट कायद्यात कलम ३(डी) आहे. आधीच माहीत असलेल्या पदार्थाचं नुसतं नवं रूप म्हणजे नवा शोध नव्हे, त्यानं औषधाचा गुण ठोसपणे वाढायला हवा, असं ते सांगतं. याच कलमाच्या आधारे २०१३मध्ये सर्वोच्च न्यायालयानं रक्ताच्या कर्करोगावरच्या ग्लिवेकचं पेटंट नाकारलं होतं. २३ मार्च २०२३ला मुंबईच्या पेटंट कार्यालयानं बेडाक्विलिनचा तो अर्ज फेटाळला. जुलैमध्ये मूळ पेटंट संपलं. आंतरराष्ट्रीय खरेदीत मुंबईच्याच लुपिन कंपनीची बाटली १९४ डॉलरला उतरली आणि मूळ कंपनीनं आपला दर २८९वरून १३०वर आणला. सप्टेंबरमध्ये कंपनीनं जाहीर केलं की १३४ गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत ती या औषधाचं पेटंट बजावणार नाही.

२८९चे १३० झाले ते संशोधन स्वस्त झालं म्हणून नाही. समोर दुसरा विक्रेता येऊन उभा राहिला.

अटी आधीच घातल्या तर

बेडाक्विलिनबरोबर आज जी औषधं देतात त्यांतलं एक आहे प्रिटोमॅनिड. त्याची जन्मकथा अगदी वेगळी आहे. हा रेणू एका छोट्या अमेरिकी कंपनीत सापडला, कंपनी दुसऱ्या कंपनीनं विकत घेतली, आणि टीबीत कोणाला रस नसल्यानं तो पडून राहिला. २००२मध्ये टीबी अलायन्स या ना-नफा संस्थेनं त्याचे हक्क मिळवले. या संस्थेला पैसा येतो तो अनेक देशांची सरकारं आणि गेट्स फाउंडेशनसारख्या धर्मादाय संस्थांकडून. तिची स्वतःची मोठी प्रयोगशाळा नाही, कारखानाही नाही. ती चाचण्या आखते, पैसा गोळा करते आणि काम वाटून देते.

दक्षिण आफ्रिकेत तिनं १०९ रुग्णांवर एक धाडसी चाचणी केली. त्यांचा टीबी जवळपास सगळ्या औषधांना पुरून उरलेला होता. बेडाक्विलिन, प्रिटोमॅनिड आणि लिनेझोलिड या तिघांच्या सहा महिन्यांच्या उपचारानं ९० टक्के रुग्णांना गुण आला. ऑगस्ट २०१९मध्ये प्रिटोमॅनिडला मान्यता मिळाली. गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांसाठी एकाच कंपनीकडे मक्ता न देता संस्थेनं उत्पादनाचे परवाने मायलन, मॅक्लिऑड्स, लुपिन अशा कंपन्यांना दिले. तिथे मक्तेदारीच नव्हती, त्यामुळे ती मोडायला कुणाला पेटंट कार्यालयाची पायरी चढावी लागली नाही. सप्टेंबर २०२४मध्ये भारतानं या औषधांची, चौथं मॉक्सिफ्लॉक्सासिन जोडून, सहा महिन्यांची उपचारपद्धती स्वीकारली. यापूर्वी अशा रुग्णांना वीस-वीस महिन्यांपर्यंत औषधं घ्यावी लागत.

हा मार्ग मला पटतो, पण त्याची दुबळी बाजूही आहे. अशी संस्था देणगीदारांच्या मर्जीवर चालते. एखाद्या देशात सरकार बदललं, परदेशी मदतीला कात्री लागली, की चालू चाचण्या अडचणीत येतात.

वेर्ण्याहून आलेलं यंत्र

उपकरणांची गोष्ट औषधांहून थोडी वेगळी असते. उपकरण एकदा काढून संपत नाही. दर दोन-चार वर्षांनी सुधारत जातं. पैसा तुलनेनं कमी लागतो, पण तो सलग, बरीच वर्षं यावा लागतो. शिवाय विकत घेणारा बहुतेक वेळा एकच असतो: सरकार.

टीबीचं निदान पूर्वी बेडका सूक्ष्मदर्शकाखाली पाहून करत. कितीतरी रुग्ण त्यातून निसटत, आणि औषधाला दाद मिळेल की नाही हे कळतच नसे. जीनएक्स्पर्ट हे यंत्र २०१०मध्ये आलं, आपल्याकडे दवाखान्यात ‘सीबीनॅट’ म्हणतात ते. दोन तासांत जंतू आहे का आणि रिफाम्पिसिनला दाद देतो का, दोन्ही कळू लागलं. या यंत्रामागेही सार्वजनिक पैसा आहे. २००१मध्ये अमेरिकेत टपालातून अँथ्रॅक्सचे जंतू पाठवले गेले, त्यानंतर तिथल्या टपाल केंद्रांत जंतू हेरणारी यंत्रणा बसवली. तीत जीनएक्स्पर्ट बनवणाऱ्याच कंपनीचं तंत्रज्ञान होतं. २०२१च्या एका अभ्यासानं या तंत्रज्ञानात गेलेला सार्वजनिक पैसा २५ कोटी डॉलरच्या वर मोजला. तरी दर तपासणीला लागणाऱ्या एका कार्ट्रिजला १६.८६ डॉलर पडत. २०१२मध्ये अमेरिकी सरकार, ‘युनिटएड’ ही आंतरराष्ट्रीय आरोग्य निधी संस्था आणि गेट्स फाउंडेशन यांनी कंपनीला आणखी १ कोटी ११ लाख डॉलर दिले, तेव्हा किंमत ९.९८वर आली. तिथे ती अकरा वर्षं थांबली.

जीनएक्स्पर्टला सलग वीज लागते आणि खोली थंड लागते. गडचिरोलीत किंवा मेळघाटात एखाद्या प्राथमिक आरोग्य केंद्रात मे महिन्यात जा, म्हणजे अडचण कळेल. बंगळुरूच्या बिगटेक प्रयोगशाळेनं आणि गोव्यात वेर्ण्याला असलेल्या मोलबायो कंपनीनं यावर उत्तर काढलं, ट्रूनॅट. सुटकेसमध्ये मावेल एवढं, बॅटरीवर चालणारं. बेडका पातळ करून पहिल्या यंत्रात घालायचा, ते जंतूचा डीएनए वेगळा काढतं. मग त्यातला एक इवला थेंब नखाएवढ्या चिपवर सोडायचा आणि चिप दुसऱ्या यंत्रात सरकवायची. तासाभरात निकाल.

हे काम एक-दोन वर्षांत झालं नाही, दशकाहून जास्त काळ लागला. सुरुवातीचा पैसा सीएसआयआर या सरकारी वैज्ञानिक संशोधन परिषदेच्या ‘एनएमआयटीएलआय’ या योजनेतून आला. रघुनाथ माशेलकर सीएसआयआरचे महासंचालक असताना २०००च्या सुमारास ही योजना सुरू झाली; ते मूळचे गोव्यातल्या माशेलचे, आणि यंत्र बनतं तेही गोव्यातच, हा योगायोग मला आवडतो. यंत्राची पारख आयसीएमआरनं, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं, केली. २०२०मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं ट्रूनॅटला शिफारस दिली. त्याच वर्षी कोविड आला आणि हेच यंत्र जिल्ह्याजिल्ह्यांत कोविड तपासणीसाठी वापरलं गेलं. मोठा खासगी पैसा कधी आला? सिंगापूरच्या टेमासेकनं ८.५ कोटी डॉलर गुंतवले ते २०२२मध्ये. यंत्र सिद्ध झालं होतं, सरकार विकत घेत होतं, जागतिक शिफारस हातात होती. जोखमीची वर्षं संपल्यावर भांडवल येतं, यात गैर काही नाही. पण ती वर्षं कोणीतरी निभावून न्यावी लागतात, आणि तिथे सरकारी अनुदानाला पर्याय सापडलेला नाही.

ज्याचं उत्तर विकता येत नाही

काही प्रश्न असे असतात की उत्तर कितीही मोलाचं असलं तरी त्यावर लेबल चिकटवून विकता येत नाही. ते फक्त जनतेच्या पैशावरच विचारले जातात.

१९५०च्या दशकात टीबी म्हणजे सॅनेटोरियम हे समीकरण पक्कं होतं. मिरजेजवळच्या वानलेसवाडीसारख्या ठिकाणी रुग्ण महिनोन् महिने राहत. मोकळी हवा, सकस अन्न, विश्रांती. पण खाटा किती आणि रुग्ण किती! १९५६मध्ये मद्रासला आयसीएमआर, मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटिश वैद्यकीय संशोधन मंडळ यांनी मिळून एक चाचणी सुरू केली. काही रुग्णांना सॅनेटोरियममध्ये ठेवलं, काहींना दाटीवाटीच्या घरी ठेवून तीच औषधं दिली. घरी राहणाऱ्यांना जवळपास तितकाच गुण आला आणि त्यांच्या घरच्या माणसांना टीबी होण्याचं प्रमाणही वाढलं नाही. १९५९मध्ये निकाल छापून आला आणि जगभर सॅनेटोरियमची गरज संपत गेली. खाटांची गरज नाही, हे सिद्ध करण्यासाठी कुठली कंपनी पैसे देणार होती?

दुसरं उदाहरण अलीकडचं आहे, झारखंडच्या चार जिल्ह्यांतलं. डॉ. अनुराग भार्गव आणि डॉ. माधवी भार्गव यांच्या गटानं २,८०० टीबी रुग्णांच्या घरातल्या दहा हजारांहून जास्त माणसांवर एक प्रश्न तपासला: पोटभर अन्न मिळालं तर टीबी टळतो का? सर्व रुग्णांना महिन्याला दहा किलो शिधा दिला, त्यात तांदूळ, डाळ, दूध पावडर, तेल. निम्म्या गटांत घरातल्या प्रत्येकालाही तांदूळ-डाळ मिळाली. त्या घरांत नव्या टीबीचं प्रमाण सुमारे ३९ टक्क्यांनी घटलं. २०२३मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये हे प्रसिद्ध झालं. पैसा आयसीएमआरच्या टीबी संशोधन योजनेचा होता. नव्या लशीनं एवढा आकडा गाठला असता तर शेअर बाजार उसळला असता. तूरडाळीचं पेटंट घेता येत नाही. नोव्हेंबर २०२४पासून निक्षय पोषण योजनेत रुग्णाला मिळणारी रक्कम महिना ५०० रुपयांवरून १,००० झाली. घरातल्या बाकीच्यांच्या ताटाचा प्रश्न मात्र अजून मोठा आहे.

पुढची सही

संयुक्त राष्ट्रांच्या २०२३च्या बैठकीत देशांनी ठरवलं की टीबीच्या संशोधनावर जगानं वर्षाला ५ अब्ज डॉलर खर्च करायचे. प्रत्यक्षात खर्च होतो एक अब्जाच्या आसपास. दर वर्षी चार अब्जांची तूट आहे, आणि तिची सर्वांत जास्त झळ लशीला बसते. आपल्याकडे टीबीची एकच लस आहे, बीसीजी, १९२१ सालची. लहान मुलांना ती वाचवते, मोठ्यांना फारशी नाही.

मोठ्यांसाठी एक आशा आहे: एम-७२ ही लस. जीएसके कंपनीनं ती बनवली. आफ्रिकेतल्या तीन देशांत साडेतीन हजारांवर प्रौढांवर झालेल्या चाचणीत तिनं सुमारे ५० टक्के संरक्षण दिलं. निकाल २०१८-१९मध्ये आले. २०२०मध्ये कंपनीनं पुढच्या कामाचे हक्क गेट्स फाउंडेशनच्या संशोधन संस्थेकडे सोपवले. तिसऱ्या टप्प्याची चाचणी सुरू व्हायला मार्च २०२४ उजाडला. वीस हजार माणसं, ५५ कोटी डॉलर, आणि हा पैसा गेट्स फाउंडेशन आणि ब्रिटनच्या वेलकम या धर्मादाय संस्थांचा. म्हणजे खर्च करणारा या वेळीही कंपनीबाहेरचा आहे.

या लशीत एक मिश्रण घालतात, शरीराचा प्रतिसाद वाढवणारं. ते बनवायला चिली देशातल्या एका झाडाच्या सालीचा अर्क लागतो आणि ते पुरवणार आहे जीएसकेच. याच घराण्याचं मिश्रण कंपनीच्या नागिणीवरच्या लशीतही आहे आणि ती लस श्रीमंत देशांतल्या वयस्क लोकांना विकून दर वर्षी अब्जावधी डॉलर येतात. टीबीची लस यशस्वी ठरली तर भारतालाच कोट्यवधी डोस लागतील. तेव्हा ते मिश्रण किती मिळणार, कोणत्या दरानं मिळणार, आणि इथल्या लस कारखान्यांना ते स्वतः बनवू देणार का, हे करारांत आत्ताच लिहावं लागेल. चाचणी अजून चालू आहे, निकाल यायचे आहेत, आणि सह्या करण्याची वेळही हीच आहे.